पेपरात आज काय आहे?

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड जडते. शिंप्याची नजर जशी समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या कॉलरच्या शिलाईवर जाते, तसे आमचे लक्ष माणूस काय बोलतो याकडे न जाता कसे बोलतो याकडे आधी जाते. एस.टी.चा कंडक्टर 'कोन राहिलं?' असे विचारतो आणि मी तिकिटाचे पैसे देता देता मनातल्या मनात त्याला एक 'ण'ही देऊन टाकतो. घरी लग्नपत्रिका आली की वधूवरांची नावे वाचण्याआधी माझे डोळे ऱ्हस्वदीर्घ तपासून मोकळे होतात. "अहो, तुम्ही कुणाच्या तेराव्याला गेलात तरी तिथल्या फलकावरची चूक काढाल," असे आमच्या घरी म्हटले जाते. यात अतिशयोक्ती नाही. एकदा काढलेली आहे.

ही खोड निरुपद्रवी आहे असे मी पुष्कळ वर्षे समजून चाललो होतो. किंबहुना तिचा मला थोडासा अभिमानच होता. ती निरुपद्रवी नाही, हे मला एका परदेशी नटाने शिकवले. त्या नटाला मराठीचा गंधही नव्हता, आणि त्याने हा धडा दिला तेव्हा तो या जगातही नव्हता.

सांगतो. मी एम.ए.ला असताना विद्यापीठातल्या काही हौशी मुलांनी एक फिल्म क्लब चालवला होता. तिथे एका संध्याकाळी 'टू सर, विथ लव्ह' हा १९६७ सालचा चित्रपट पाहिला. लंडनच्या ईस्ट एंड भागातली एक गरीब वस्ती, तिथली ओवाळून टाकलेली पोरे, आणि त्यांना शिकवायला आलेला एक उंचापुरा कृष्णवर्णीय शिक्षक. मूळ पेशाने तो इंजिनिअर. पण कातडीच्या रंगामुळे त्याला त्या धंद्यात कुणी घेत नाही, म्हणून तो शाळेत येतो. ही गोष्ट ई. आर. ब्रेथवेट या गयानाच्या लेखकाने आपल्याच आयुष्यावरून लिहिली होती. पण माझ्या मनात राहिला तो त्या शिक्षकाचे काम करणारा नट. काय त्याचे चालणे, काय तो कोट, आणि काय ती भाषा! प्रत्येक शब्द घासूनपुसून, उन्हात वाळवून मग तोंडाबाहेर काढल्यासारखा. त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर मी मनाशी ठरवले, मास्तर व्हायचे तर असे व्हायचे.

पुढे मी मास्तर झालो. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला मी या चित्रपटाची गोष्ट सांगत असे आणि नटाचे नावही मोठ्या थाटात सांगत असे: सिडनी पॉयटियर.

२०२२ च्या जानेवारीत, ६ तारखेला, हा नट लॉस एंजेलिसला वारला. वय ९४. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मी त्याच्यावर चार ओळी लिहायला घेतल्या आणि नाव नीट लिहावे म्हणून चौकशी केली, तेव्हा समजले की ते पॉयटियर नव्हेच, ते प्वाटिए. फ्रेंच वळणाचे आडनाव. म्हणजे वीस वर्षे, वीस वर्गांपुढे, मी माझ्या आवडत्या माणसाचे नाव चुकीचे उच्चारत आलो होतो. आणि एवढ्या अवधीत जगातल्या एकाही माणसाने मला भर वर्गात उभे करून हसे केले नव्हते.

हे वाक्य मनात आले आणि का कुणास ठाऊक, कुठेतरी टोचले. का टोचले ते त्याचे आत्मचरित्र वाचायला घेतल्यावर कळले.

प्वाटिएचे आईबाप बहामा बेटांतल्या कॅट आयलंड नावाच्या बेटावर टोमॅटो पिकवीत. १९२७ च्या फेब्रुवारीत माल विकायला ती दोघे अमेरिकेतल्या मायामी शहरी गेली असताना हे त्यांचे सातवे लेकरू दिवस भरण्याच्या कितीतरी आधी जन्मले. वजन दीड किलोच्याही आत. बापाने मन घट्ट करून बुटांच्या खोक्याएवढी पेटी आणून ठेवली. आई मात्र उठली आणि भविष्य सांगणाऱ्या एका बाईकडे गेली. बाईने सांगितले, पोर जगेल, राजेरजवाड्यांत वावरेल. पोर जगले. शिवाय टोमॅटोच्या बाजाराच्या निमित्ताने झालेल्या त्या जन्मामुळे त्याला अमेरिकेचे नागरिकत्व आपोआप मिळाले.

बेटावर वीज नव्हती, नळ नव्हता. फ्लोरिडाने बहामाचे टोमॅटो घेणे बंद केले तेव्हा कुटुंब बिऱ्हाड उचलून नासाऊला आले. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. शाळा झाली ती जेमतेम दीड-दोन वर्षांची. पंधराव्या वर्षी त्याला मायामीला थोरल्या भावाकडे पाठवले. तिथे काळ्या माणसाने कोणत्या दाराने आत यायचे आणि कोणत्या बाकावर बसायचे, याचे कायदे होते. मुलगा बेटावर मोकळा वाढलेला. त्याला ते कायदे पचेनात. सोळाव्या वर्षी तो एकटाच न्यूयॉर्कला निघून गेला. सार्वजनिक जागी, छपरांवर झोपला, हॉटेलांत भांडी घासली, हिवाळा सोसवेना म्हणून वय चोरून लष्करात गेला, परत आला, पुन्हा भांडी घासू लागला.

भांडीवाल्यांच्या जागांच्या जाहिराती हार्लेमच्या एका वर्तमानपत्रात येत. एके दिवशी त्याच पानावर त्याला दिसले: 'नट पाहिजेत.' त्याने विचार केला, 'भांडीवाले पाहिजेत' म्हटल्यावर आपण जातोच, तसे इथेही जाऊन पाहावे. जाहिरात 'अमेरिकन निग्रो थिएटर' या संस्थेची होती. ('निग्रो' हा शब्द त्या काळी प्रतिष्ठेचा होता, आज तो तसा राहिलेला नाही.) ही संस्था १९४० साली हार्लेममधल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात सुरू झाली होती. फ्रेडरिक ओनील नावाच्या नटाने त्याच्या हातात नाटकाची वही दिली आणि वाच म्हणून सांगितले. प्वाटिए वाचू लागला. एकेक अक्षर चाचपडत, आणि तेही बहामाच्या हेलात. ओनीलने वही हिसकावली, त्याला दंडाला धरून दारापर्यंत नेले आणि बजावले, लोकांचा वेळ फुकट घालवू नकोस, जाऊन भांडी घासण्यासारखे काहीतरी काम बघ.

रस्त्यावर चालता चालता मुलाच्या मनात एकच प्रश्न होता. मी भांडी घासतो हे याला कुणी सांगितले? माझ्या कपाळावर लिहिले आहे की काय?

वाचकहो, इथे मी पुस्तक मिटले. मला दुसरा एक मुलगा आठवला.

साल २००८. पहिल्या वर्षाचा वर्ग. आडगावाहून दोन एस.टी. बदलून येणारा एक काळासावळा, उंच मुलगा मागच्या बाकावर बसायचा. मी त्याला धडा वाचायला उभे केले. तो वाचताना 'पानी' म्हणाला. मी म्हणालो, "पाणी." त्याने मान हलवली आणि पुढच्याच ओळीत पुन्हा 'पानी'. मी पुन्हा दुरुस्त केले. तिसऱ्यांदा तो शब्द आला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवले, वर्गाकडे पाहिले आणि म्हणालो, "हा आज आपल्या सगळ्यांना पानी पाजल्याशिवाय राहत नाही!" वर्ग खदखदून हसला. विनोद बरा साधला असे मला तेव्हा वाटले, हे कबूल केले पाहिजे. मुलगाही थोडा हसला आणि न सांगता खाली बसला.

दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरीची खूण पडत राहिली, आणि पुढच्या वर्षीच्या पटावर नावच नव्हते. फी भरायला पैसे नसतील. शेतीची अडचण असेल. बापाला बरे नसेल. मुले कॉलेज सोडतात त्याला शंभर कारणे असतात आणि त्यांतले माझे कोणते, हे मला आजही सांगता येणार नाही. पण 'कशावरून माझ्यामुळे?' असे मी स्वतःला विचारतो, तेव्हा माझ्या तोंडून शिक्षक बोलत नसतो, वकील बोलत असतो.

वीस वर्षे मी समजत होतो की मी त्या चित्रपटातला शिक्षक आहे. पुस्तकाच्या त्या पानावर मला कळले की मी दारातला माणूस होतो.

आणि दारातला माणूस वाईट होता असेही नाही. हीच तर त्यातली अडचण आहे. फ्रेडरिक ओनील स्वतः कृष्णवर्णीय होता. त्याने आपल्या लोकांसाठी नाट्यसंस्था उभी केली होती. पुढे १९६४ साली अमेरिकेतल्या रंगभूमीवरच्या नटांच्या संघटनेचा तो पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष झाला. तो काळही ध्यानात घ्यायला हवा. हॉलिवूडच्या पडद्यावर तोवर काळा माणूस दिसे तो बहुधा स्वयंपाकीण, हमाल किंवा घरगडी म्हणून, आणि त्याच्या तोंडी गोऱ्या लेखकांनी लिहिलेले मोडकेतोडके, हसे करणारे इंग्रजी असे. 'गॉन विथ द विंड'मधल्या दाईच्या कामासाठी हॅटी मॅक्डॅनियलला १९४० साली ऑस्कर मिळाले, पण त्या समारंभात तिला इतर कलावंतांपासून दूर, भिंतीकडेच्या टेबलाशी बसवले होते. अशा काळात जो आपल्या माणसांना रंगभूमीवर मानाने उभे करू पाहत होता, त्याला अडखळत वाचणारा मुलगा नको असेल तर त्याचे कारण समजू शकते. माझेही समजू शकते. मलाही भाषेबद्दल प्रेमच होते. भाषेवर प्रेम करताना समोर माणूस उभा आहे, एवढेच विसरायला झाले.

प्वाटिएने त्या दिवशी भांडी सोडली नाहीत, पण हट्टाने एक रेडिओ विकत घेतला. निवेदक जे बोलत ते तो त्यांच्यामागे म्हणू लागला. वाक्यामागून वाक्य, महिनेच्या महिने. जिभेवरचे बेट त्याने असे खरवडून काढले. त्याचे मूळचे इंग्रजी काही चुकीचे नव्हते. वऱ्हाडातले मराठी चुकीचे नसते, ते वऱ्हाडातले असते; तसे त्याचे इंग्रजी कॅट आयलंडचे होते. पण ते बोलून न्यूयॉर्कमध्ये दार उघडत नव्हते.

उच्चार रेडिओने शिकवले. वाचन कुणी शिकवले? पुस्तकातला हा भाग मी कितीदा वाचला असेन त्याचा हिशेब नाही. रात्री हॉटेल बंद होताना, भांडी आटोपून, तो स्वयंपाकघराच्या दाराजवळ वर्तमानपत्र उघडून बसला होता. तिथे एक म्हातारा ज्यू वेटर होता. त्याने सहज विचारले, पेपरात आज काय आहे? मुलगा म्हणाला, मला नाही सांगता येणार, मला नीट वाचता येत नाही. म्हाताऱ्याने विचारले, मग मी तुझ्याबरोबर वाचायला बसू का?

आणि तो बसला. दिवसभर पाय मोडेपर्यंत उभा असलेला माणूस, घरी जायची वेळ झालेली असताना, त्या मुलाशेजारी बसला. एक दिवस नव्हे. रोज रात्री, आठवड्यांमागून आठवडे. अवघड शब्दाची फोड कशी करायची, स्वल्पविराम कशासाठी असतो, अर्थ कुठे थांबतो आणि कुठे वळतो. आमच्या अभ्यासक्रमातले विषयच हे! फरक इतकाच की ते टेबलाच्या एकाच बाजूला बसून शिकवले गेले.

मग मुलगा पुन्हा त्या नाट्यसंस्थेत गेला. या खेपेस त्याने सौदा केला: मी तुमची जागा झाडतो, तुम्ही मला शिकवा. हॅरी बेलाफोंटे नावाचा आणखी एक धडपडणारा तरुण तिथे होता. त्याच्या आजारपणी-अडचणीत उभे राहायला म्हणून प्वाटिएला घेतले, आणि एका रात्री बेलाफोंटे येऊ शकला नाही. तेव्हापासून पुढचे सारे सुरू झाले. १९४६ साली तो ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभा होता, आणि १९५० साली पडद्यावर.

तो पहिला मोठा चित्रपट म्हणजे 'नो वे आउट'. भूमिका डॉक्टरची. घरगड्याची नव्हे, हमालाची नव्हे. गोऱ्या रुग्णावर उपचार करणारा कृष्णवर्णीय डॉक्टर, आणि त्याचे बोलणे डॉक्टरसारखे. एवढ्या साध्या गोष्टीने केवढी खळबळ उडाली! बहामात तर तो आधी दाखवूच दिला नाही. तिथल्या नागरिकांनी आवाज उठवला तेव्हा दाखवला गेला. त्याच्या आईने आयुष्यात पाहिलेला हा पहिला बोलपट. पडद्यावर गुंड आपल्या लेकाला मारतो आहे हे पाहून ती भर थिएटरात ओरडली की सिडनी, तूही मार! ही हकिकत तो पुढे हसत हसत सांगत असे. पण आईचे ते म्हणणे पडद्यावर यायला सतरा वर्षे लागली.

मधल्या वर्षांत त्याने काय काय सोसले! 'क्राय, द बिलव्हेड कंट्री'च्या चित्रीकरणासाठी तो आणि ज्येष्ठ नट कॅनडा ली दक्षिण आफ्रिकेला गेले. वर्णभेदाच्या त्या देशात काळा नट म्हणून प्रवेश नाही. म्हणून कागदोपत्री ते दिग्दर्शक झोल्टन कोर्डाचे वेठीचे नोकर ठरवले गेले. पडद्यावर पाद्री व्हायचे आणि सरकारदरबारी गडी! १९५५ च्या 'ब्लॅकबोर्ड जंगल'मध्ये त्याला शाळकरी मुलाचे काम मिळाले. वय होते २८. त्या वेळी कॅनडा ली आणि पॉल रोबसन या आपल्याच वडीलधाऱ्यांशी संबंध नाही असे लिहून दे, म्हणून त्याच्यावर दडपण आले. ज्यांनी वाट पाडली त्यांनाच नाकारायचे! त्याने लिहून दिले नाही. १९५८ साली 'द डिफायंट वन्स'मध्ये बेडीने एका गोऱ्या कैद्याला जखडलेला काळा कैदी त्याने केला आणि उत्कृष्ट नटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष ठरला. १३ एप्रिल १९६४ रोजी 'लिलीज ऑफ द फील्ड'साठी त्याला ते पारितोषिक मिळालेही. त्यात तो वाळवंटात भेटलेल्या काही जर्मन जोगिणींना प्रार्थनामंदिर बांधून देतो आणि फावल्या वेळी त्यांना इंग्रजी शिकवतो. ज्याला एका वेटरने वाचायला शिकवले, तो पडद्यावर इंग्रजीचा मास्तर!

इथे गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालण्याजोगी झाली असती. पण भाषा बदलून दार उघडते तेव्हा आत गेल्यावरही भाडे द्यावेच लागते.

१९६७ साली त्याचे तीन चित्रपट आले: 'टू सर, विथ लव्ह', 'इन द हीट ऑफ द नाइट' आणि 'गेस हूज कमिंग टू डिनर'. तिन्ही गाजले. तिसऱ्यात एक गोरी मुलगी त्याला नवरा म्हणून घरी आणते. तो कसा? तर जगभर नावाजलेला डॉक्टर, देखणा, सुशील, आणि मुलीच्या आईबापांनी मनापासून होकार दिल्याशिवाय लग्न करणार नाही असे सांगणारा. जावई म्हणून पसंत पडायला गोऱ्या मुलाला एक बरी नोकरी पुरली असती. काळ्या मुलाला देवमाणूस व्हावे लागले. आणि मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककाराने लेख लिहिला की गोऱ्या अमेरिकेला हा नट इतका का आवडतो? कारण तो त्यांना हवा तसा आहे. स्वच्छ, सभ्य, निरुपद्रवी. 'द डिफायंट वन्स'च्या शेवटी तो आपल्या गोऱ्या सोबत्यासाठी सुटकेच्या गाडीतून खाली उडी घेतो. त्यावर गोरे प्रेक्षक खूश झाले आणि हार्लेमचे प्रेक्षक 'अरे वेड्या, गाडीत चढ' म्हणून ओरडले, असे जेम्स बाल्डविनने लिहून ठेवले आहे.

बिचाऱ्याने काय करावे? आधी म्हणाले, तुला बोलता येत नाही, चालता हो. तो बोलायला शिकला. मग म्हणाले, तू फारच शुद्ध बोलतोस. तो लेख त्याला फार लागला. कारण त्यात तथ्य आहे हे त्यालाही ठाऊक होते आणि त्याचा इलाज त्याच्या एकट्याच्या हाती नाही हेही ठाऊक होते. अख्ख्या चित्रनगरीत त्याच्यासारखा नायक तो एकटा. एकट्या माणसाला चुकायची मुभा नसते. तो चुकला तर त्याच्या मागची सारी रांग चुकली असे धरतात.

पण तो नुसता पडद्यावरचा सभ्य माणूस नव्हता. १९६४ च्या ऑगस्टमध्ये, ऑस्कर मिळून चार महिने झाले होते तेव्हा, तो आणि बेलाफोंटे मतदारनोंदणीच्या चळवळीसाठी ७०,००० डॉलर रोख घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला गेले. रात्रीच्या अंधारात दंगेखोरांच्या गाड्यांनी त्यांचा पाठलाग केला. म्हणून 'इन द हीट ऑफ द नाइट'ची कथा मिसिसिपीची असली तरी बहुतेक चित्रीकरण उत्तरेत, इलिनॉय राज्यात करावे लागले. त्या चित्रपटात एक गोरा मळेवाला या कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडात मारतो, आणि क्षणाचाही विलंब न लावता तो उलट त्याच्या तोंडात भडकावतो. आईने नासाऊच्या थिएटरात ओरडून मागितलेली चपराक ती हीच. त्या वर्षीचे उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले, त्यातल्या गोऱ्या नटाला उत्कृष्ट नटाचे मिळाले; प्वाटिएचे नाव त्या तीन चित्रपटांपैकी एकासाठीही नामांकनात नव्हते.

पुढे तो दिग्दर्शक झाला, विनोदी चित्रपट काढले, दहा वर्षे बहामाचा जपानमधला राजदूत होता. राजेरजवाड्यांत वावरेल हे त्या बाईचे भविष्य अक्षरशः खरे झाले. पण म्हातारपणी कुणी आयुष्याची विचारपूस केली की तो त्या वेटरकडे येई. त्याचे आभार मानायचे राहून गेले, ही रुखरुख बोलून दाखवताना नव्वदीच्या घरातल्या या नटाचे डोळे भरून येत.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही उगाच हळवे होता. ओनीलने दारातून हाकलले म्हणूनच तर तो पेटून उठला. त्याने हाकललेच नसते तर? हे म्हणणे खुद्द प्वाटिएलाही पुष्कळसे मान्य होते. मीही ते स्वतःशी घोकून पाहिले. फार सोयीचे आहे. पण दारातून हाकललेल्या ज्या मुलांनी परत जाऊन मुकाट्याने भांडी घासली, त्यांची आत्मचरित्रे कुणी छापत नाही. आणि अपमानाने हट्ट येत असेल. स्वल्पविराम येत नाही. तो कुणीतरी शेजारी बसून शिकवावा लागतो.

दुसरा कुणी म्हणेल, मग काय 'पानी'च चालू द्यायचे? मुळीच नाही. त्या म्हाताऱ्यानेही चुका चालू दिल्या नाहीत, एकेक दुरुस्त केली. प्रमाणभाषा ही मुलाखतीच्या दारावरची कडी आहे. ती मुलांच्या हाती न देणे हाही अन्यायच. दारातला माणूस आणि टेबलाशी बसलेला माणूस, दोघांनाही एकच उणीव दिसली होती. दोघांचेही निदान बरोबर होते. पण दुसऱ्याने आधी विचारले: मी तुझ्याबरोबर बसू का?

मी 'टू सर, विथ लव्ह' पुन्हा पाहिला. या खेपेस एक गोष्ट दिसली जी एम.ए.च्या वयात दिसली नव्हती. तो शिक्षक आधी मुलांवर चिडतो, ओरडतो, हरतो. मग एके दिवशी तो पाठ्यपुस्तके केराच्या टोपलीत टाकतो आणि मुलांशी मोठ्या माणसांशी बोलावे तसे बोलायला लागतो. चित्रपट तिथून सुरू होतो. मी मात्र त्या सरांचा कोट आणि आवाज तेवढा उचलला होता.

तेव्हापासून मी एक उद्योग मांडला आहे. शेवटचा तास संपला की वाचनालयात एका टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसतो आणि जो येईल त्याला विचारतो, "पेपरात आज काय आहे?" पहिले काही दिवस कुणी फिरकले नाही, मुलांना वाटले, सरांचा चष्मा हरवला आहे. मग एक-दोन येऊ लागली. कधी पाच असतात, कधी एकही नसते. याला प्रयोग वगैरे म्हणण्यासारखे काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी वाचत होती. दुष्काळी गावांची बातमी होती. ती वाचू लागली, "पान्याचा टँकर..." माझी जीभ सवयीने टाळूला लागली, 'ण' तयारच होता. तेवढ्यात ती थांबली आणि मान वर न करता म्हणाली, "सर, हे आमचंच गाव आहे."

मी तिच्याकडे पाहिले. बातमीत लिहिले होते की त्या गावात आठ दिवसांपासून टँकर आलेला नव्हता. ती सकाळी दोन घागरी भरून मग कॉलेजला आली होती.

"मग आला का टँकर?" मी विचारले.

"न्हाई सर. आज येनार म्हनत्यात."

'ण' आम्ही दुसऱ्या दिवशी घेतला. तिने तो पाच मिनिटांत उचलला. जीभ टाळूला कुठे लावायची एवढाच तर प्रश्न असतो. मागच्या बाकावरच्या त्या मुलालाही तो पाच मिनिटांतच आला असता. त्याचे नाव मला अजून आठवते. त्याच्या गावाची एस.टी. स्टँडवर लागलेली दिसली की मी पाटी वाचतो, उतरणाऱ्यांचे चेहरे पाहतो. आता त्याचे वय पस्तिशीच्या आसपास असेल. भेटला तर ओळखेन की नाही, सांगता येत नाही. ओळखले, तर त्याने 'पानी घ्या सर' म्हणावे आणि मी ते घ्यावे, एवढीच इच्छा आहे.